आधी कळवून जायचं

तपासनीसबाईंना ऑफिसात सगळे मागून 'मिरची' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वर्गावर शिकवण्यात उमर गेली, मग मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांच्या तपासणीवर बदली झाली. अशी कितीतरी घरं त्यांनी तोंडभरून वाखाणली होती. राग होता तो नियमाचा: वर्षातून एकदाच जायचं, तेही आठवडाभर आधी कळवून. म्हणजे चोराला वेळ सांगून धाड घालायची, असं त्या आपल्या साहेबांना तोंडावर सुनावायच्या.

त्या दिवशी लॉन्ड्रीवाल्याच्या घरी सगळं कसं साग्रसंगीत मांडलेलं होतं. रंगपेटीचं वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. दहा वर्षांची लेक पोपटासारखी घडाघड उत्तरं देत होती, पण हात मांडीखालून काढत नव्हती.

"जरा लिहून दाखव बाळा," बाई म्हणाल्या.

पोरीने आधी बापाकडे पाहिलं, मग पेन्सिल उचलली. धुण्याच्या सोड्याने बोटांची सालं निघाली होती. पेन्सिल धरवेना.

"तिचा अभ्यास तोंडीच असतो बाई," बाप साळसूदपणे म्हणाला. "नियमात बसतं ते."

बसत होतं, हीच तर चीड. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑफिसात साहेबांनी नेहमीप्रमाणे हात झटकले. "उत्तरं दिली ना पोरीने? मग झालं. लोकांच्या घरात डोकावणं आपलं काम नाही."

"मग कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं. साहेबांनी फोन कानाला लावला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आदळआपट ऐकून नवरा म्हणाला, "अगं, भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" बाईंनी त्याला त्या बोटांचं सांगितलं. मग तोही हसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कुणालाही न विचारता लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी गेल्या. दार पोरीनेच उघडलं. कोपरापर्यंत फेस, मागे वाफाळणारा टब आणि त्यापुढे तिला उभं राहायला ठेवलेलं खोकं. बाईंना पाहून तिचा चेहरा उतरला.

"काल माझं काही चुकलं का?" तिने हळूच विचारलं. "बाबा म्हणाले होते, नीट बोललीस तर वर्षभर कुणी येणार नाही."

बाईंना भयंकर संताप आला, आणि त्याहून जास्त रडू.

"कोण आहे गं?" आतून बाप ओरडला.

"कुणी नाही," पोरगी म्हणाली आणि दार लोटू लागली. बाईंनी दारात पाय घातला.