पायथ्याची दोरी

यवतमाळहून निघतानाच मी क्रम ठरवला होता. आधी चहा, मग बाबांच्या कमरेची चौकशी, मग तुरीचा विषय, आणि सगळे जरा सैलावले की बैलांचा. भावालाही फोनवर हाच क्रम सांगून ठेवला होता. तो राजूरला कोळसा खाणीत नोकरीला आहे. सुटी टाकून आला.

बोलणं तुटलं होतं ते बैलांपायीच. बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वखर-डवरणी, म्हणजे बैलांमागची सगळी शेतकामं, कायमची बंद करायला सांगितली, आणि बाबा दवाखान्यात असतानाच भावाने जोडी दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. घरी आल्यावर बाबांनी रिकामा गोठा पाहिला आणि मुलाशी बोलणं सोडलं. हळूहळू भाऊ यायचाच थांबला. आई फोन मला करायची आणि चौकशी त्याची करायची. मला हे मिटवायचं होतं. दोघांचीही वयं थांबणार नव्हती.

कळंबजवळच्या आमच्या घरी ओसरीवर मी दोघांना समोरासमोर बसवलं. चहा झाला. कमरेची चौकशी मीच केली आणि उत्तरही बहुतेक मीच दिलं. मग बाबांनी पेपरचं एक पान उचललं, भावाने दुसरं. आई चुलीवर तुरीच्या शेंगा उकडायला ठेवून बाहेर आली, दोघांकडे पाहत राहिली.

"परीक्षा हाये का तुमची?" ती म्हणाली. "मायी बाज पार झोळी झाली. ते पाहा कोनीतरी."

बाबा उठले. बाजेच्या पायथ्याशी, विणकाम आणि दांडा यांच्यामध्ये एक दोरी ओवलेली असते. तिचा एकेक फेरा ओढत गेलं की बाज ताठ होते. धडधाकट माणूस एकटाही करू शकतो. बाबा एक फेरा ओढायचे, पुढचा धरायला वाकेपर्यंत मागचा सैल पडायचा. मी पुढे होणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

भाऊ चपला काढून बाबांच्या समोर जाऊन बसला. दांड्याला पाय लावला, दोरी हातात घेतली.

"खेच," बाबा म्हणाले.

तो खेचायचा, बाबा ओढलेला फेरा दाबून धरायचे. खेच, थांब, हं. बराच वेळ एवढंच चाललं. मग बाबांनी मान वर न करता विचारलं, "जाताना अडले का?"

"मोठा अडला. फाट्यावर. मंग मीच कासरा धरून नेला पुढं."

"अडनच तो. खेच."

दोन-तीन फेरे झाले.

"मले इचाराले पायजे होतं तुनं."

"इचारलं असतं तं तुमी देल्ले नसते."

"नसते देल्ले." बाबांनी फेरा दाबला. "तरी इचाराले पायजे होतं."

भावाने दोरीची ओढ सोडली नाही. "हो बाबा. पायजे होतं."

माणसं निवांत बसली की मनातलं बोलतात, असं मी धरून चालले होते. इथे निवांत कोणीच नव्हतं. कदाचित हातांना काम होतं आणि डोळ्यांना बघायला दोरी होती, म्हणून जमलं असेल. मला अजून नीट सांगता येत नाही. बैल गेल्याचं दुःख बाबांना आजही आहे, आणि विकले ते बरोबरच केलं असं भाऊ आजही म्हणतो.

शेवटची गाठ बाबांनी मारली. आईने बाजेवर बसून पाहिलं, म्हणाली की आता जरा जास्तच ताणली. शेंगा खाऊन भाऊ निघाला तेव्हा बाबा दारापर्यंत गेले.

"दुसरी बाजबी ढिली हाये," ते म्हणाले. "येजो पुढच्या रविवारी."

दुसरी बाज बाबांची. सकाळी आल्या आल्या मी तिच्यावरच बसले होते. चांगली ताठ होती.