विहीणबाईंना डोंगर दाखवताना

माझ्या मुलीच्या सासूबाई पुण्याच्या. साठी जवळ आलेली, तरी अंगानं सडपातळ, चालायला चपळ, आणि सुट्टीचा दिवस उजाडला की कुठल्या तरी किल्ल्यावर. लग्न ठरवायच्या बैठकीत चहा घेताना त्यांनी मला सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे डोंगर वगैरे नसतील ना? सगळं सपाटच असेल." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या मनात ते राहिलं. मी म्हणाले, "आहेत की. माझं माहेर डोंगराच्या पायथ्यालाच आहे." त्या म्हणाल्या, "मग मी आले की दाखवा."

आणि त्या आल्या शिमगा होऊन गेल्यावर, उन्हाला नुकती धार चढायला लागली तेव्हा. मी फोनवर सुचवून पाहिलं होतं की थंडीत या, तेव्हा झाडांवर पाला असतो, ओढ्याला पाणी असतं. पण त्यांना तेव्हाच सवड होती. सकाळी लवकर निघू आणि ऊन व्हायच्या आत उतरू, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात चढायची त्यांना सवय होती.

माझं माहेर जिंतूर तालुक्यातलं. गावामागून डोंगर उठतो आणि खिंडीतून पलीकडं उतरलं की येलदरीच्या धरणाचं पाणी लागतं. पाण्याच्या कडेला मावशीचं गाव. लहानपणी आम्ही आईबरोबर याच वाटेनं जायचो. न्याहारी करून निघायचं आणि जेवायला मावशीकडं. तेव्हा माणसांच्या आणि बैलांच्या पायांनी वाट घट्ट बसलेली होती. मग डांबरी रस्ता झाला, जीप आल्या, घरोघरी मोटारसायकली आल्या आणि डोंगरावरून जायचं कुणाला कारण उरलं नाही. हे मला माहीत होतं. तरी वाट कुठं जाणार, असंच मी धरून चालले होते.

आधीच्या रविवारी मी परभणीहून गावी गेले आणि धाकट्या भावाला म्हटलं, चल, एकदा बघून येऊ. भाऊ शेती करतो. सगळा जन्म त्याच गावात गेलेला. त्याला हे सगळं फिजूल वाटलं. "वाट काय पळून जायलीय का आक्का?" तो म्हणाला. मी त्याला ओढूनच नेलं.

वाट पळून गेली नव्हती, पण एकीच्या शंभर झाल्या होत्या. शेळ्यांनी डोंगरभर पायवाटा पाडून ठेवलेल्या. प्रत्येक वाट हीच खरी असं वाटायला लावायची आणि थोडं वर नेऊन घाणेरीच्या जाळीत सोडून द्यायची. एका अंगाला कुणी तरी गवत पेटवून दिलेलं, तिथली राख पायाबरोबर उडून नाकात जात होती. दुसऱ्या अंगाला गवत उभंच वाळलेलं, त्याची कुसळं सलवारीतून आरपार टोचत होती. आणि सगळ्यात वाईट तो मुरूम. पावसानं माती वाहून नेलेली, वर नुसता सुटा खडा. ज्वारीच्या राशीवर पाय ठेवावा तसा पाय सरकायचा. पळस फुलले होते, पण वर मान करून बघायची सोय नव्हती.

खुणा केल्याशिवाय पाहुणीला इथं आणण्यात अर्थ नव्हता. गावातलं कबड्डीचं मैदान आखायला आणलेली पांढरी फक्की भावाकडं पडून होती. तो कुरकुरत खाली गेला आणि डब्यात कालवून घेऊन आला. मग आम्ही जिथं जिथं वाट फुटते तिथं दगडावर, नाहीतर झाडाच्या बुंध्यावर चिंधीनं पांढरे पट्टे मारत खिंडीपर्यंत गेलो. खिंडीपलीकडंही बघू असं मी म्हणत होते. पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि भाऊ जागचा हलेना. पुढं काही नाही, सरळ उतार आहे, मला काय ठाऊक नाही का, असं म्हणून त्यानं मला माघारी फिरवलं. माझ्याही पायात त्राण नव्हतं. मी फिरले.

विहीणबाईंना घेऊन निघाले तो दिवस मात्र छान उजाडला. परभणीहून बोरी गावावरून जाताना गाडीच्या काचेतून गार वारा येत होता आणि त्या खूश होत्या. त्यांच्या पायात घोट्यापर्यंतचे जाड बूट, डोक्याला टोपी, पाठीला पाण्याची पिशवी आणि हातात घडी होणारी चकचकीत काठी. माझ्या पायात शाळेत जाताना घालते तेच कापडी बूट. मी परभणीत शाळेत शिकवते, मला डोंगराचे वेगळे बूट कशाला लागतील? भाऊ गावाच्या टोकाला उभा होता. त्यानं त्यांच्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि वाकून नमस्कार केला.

गावालगतच्या पहिल्या खुणा जागेवर होत्या. मी त्या मुद्दाम दाखवल्या, त्यांनीही कौतुक केलं. पुढं जिथं वाट पहिल्यांदा फुटते तिथल्या दगडावर काहीच नव्हतं. मला वाटलं माझीच काही चूक होतीय. पण त्यापुढच्या बुंध्यावरही नव्हतं. जवळ जाऊन बघितलं तर साल खरवडलेली.

भाऊ म्हणाला, इकडून. आम्ही तिकडून गेलो आणि जाळीत अडकलो. माघारी आलो. मी म्हटलं, इकडून असणार. तिकडून गेलो तर जळक्या उतारावर आलो, जिथं धरायला एक झुडूप नव्हतं. विहीणबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "काही हरकत नाही, असं होतं." त्या तसं म्हणाल्या की मला जास्तच राग यायचा. त्या चिडल्या असत्या तर मला समजूत काढता आली असती. भाऊ आणि मी मात्र पाहुणीसमोरच तंडायला लागलो होतो. तो म्हणायचा तू मधी बोलू नको, मी म्हणायचे तुला ठाऊक होतं ना सगळं. कुसळं काढायला पाच पावलांवर थांबावं लागत होतं आणि गार वारा कधीच पडला होता.

अशा वेळी एका पळसाखाली शेळ्या दिसल्या आणि त्यांच्याजवळ बसलेली एक बाई. भावाच्या ओळखीची, आमच्याच गावच्या खालच्या आळीतली. वयानं मोठी, म्हणून तो तिला मावशी म्हणत होता. त्यानं तिला विचारलं, इथं आम्ही पांढऱ्या खुणा केल्या होत्या, कुणी पुसल्या ते बघितलं का.

"म्याच पुसल्या," ती म्हणाली.

तिनं ते इतक्या सरळ सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, एवढी मेहनत करून खुणा केल्या, पुसायच्या आधी कुणाला विचारायचं तरी.

"कुणाला इचारू? मारनारानं मला इचारलं व्हतं का?"

मग तिनं भावाकडं बघत सगळं सांगितलं. मागं एकदा असेच पांढरे पट्टे आले होते. त्यांच्या मागून माणसं आली, त्यांनी मोजलं, आणि डोंगराचा तो तुकडा खणून काढायला सुरुवात झाली. चराईचं एवढं मोठं रान गेलं. आता पुन्हा पट्टे दिसले, म्हणजे उरलेलंही मोजायला आले असणार, असं तिनं धरलं आणि दोन दिवस शेळ्यांमागं फिरत फिरत सगळे खरवडून काढले. मी तिला समजावलं की आम्ही मोजायला आलो नाही, फिरायला आलो आहोत. तिचा विश्वास बसेना. "फिरायला? ह्या उनात?" ती म्हणाली, आणि विहीणबाईंच्या हाताकडं बोट केलं. "मंग ह्या बाईच्या हातात ती मोजायची काठी कामून हाय?"

विहीणबाईंनी काठीची घडी घालून दाखवली, टेकून चालूनही दाखवलं. त्या शेळीवालीनं बघितलं आणि मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाही म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खिंडीची वाट विचारली तर म्हणाली, ह्या अंगानं जा, मग त्या अंगानं वळा, हितंच हाय. तिला तरी काय बोलायचं? तिचं रान गेलं होतं. पण माझाही अख्खा रविवार त्या फक्कीत गेला होता, आणि तो राग कुणावर काढायचा हे मला कळत नव्हतं.

खिंडीत पोचलो तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. खाली लांबवर येलदरीचं पाणी दिसलं. कडेनं वाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा आणि मधे निळसर चमक. विहीणबाई थांबल्या, त्यांनी फोटो काढला, आणि सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. खिंड ओलांडून एक वळण उतरलो, तर भावानं सांगितलेला सरळ उतार तिथं नव्हताच. आमची वाट कापल्यासारखी तुटलेली आणि खाली मुरमाची खदान. उभी तासलेली भिंत, तळाशी पिवळं यंत्र. मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "थोडं खोदायलेत असं आयकलं व्हतं. हितवर आलं असंल असं न्हाई वाटलं."  पाहुणी जवळ नसती तर मी त्याला काय बोलले असते कोण जाणे.

खदानीच्या काठानं वळसा घालून उतरायचं ठरलं. त्या उतारावर खडा इतका सुटा होता की आम्ही बसून सरकत होतो. तिथं विहीणबाईंच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला. हा त्यांचा जास्तीचा जुना जोड, पुष्कळ दिवस कपाटात पडून होता म्हणे, डिंक वाळला असेल. मी ओढणीची पट्टी फाडून तो बांधला. थोडं खाली गेलो तर डावाही सुटला. पाण्याची पिशवी रिकामी झाली होती. त्या एका दगडावर बसल्या, टोपी काढली आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला.

"ही वाट नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगायला हवं होतं."

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात आमच्याकडे सगळं सपाट असेल."

त्यांना ते आठवतही नव्हतं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "त्यासाठी?" त्यांनी विचारलं.  भाऊ लांब जाऊन उभा राहिला आणि खाली खदानीत काम करणाऱ्यांना हाका मारायला लागला.

शेवटी पाण्यापर्यंत आम्ही गेलोच नाही. खदानीवर मुरूम भरायला आलेल्या एका टिपरच्या ड्रायव्हरनं आम्हाला बसवून घेतलं. त्यानं आधी आपल्या कॅनमधलं पाणी दिलं, मग विहीणबाईंच्या पायांकडं बघून सीटवरची गोधडी झटकली. तीन माणसं दाटीवाटीनं बसलो. विहीणबाईंनी मधली जागा घेतली आणि सगळा वेळ समोर बघत राहिल्या. पुरते सुटून आलेले बुटांचे तळ त्यांनी मांडीवर घेतले होते. ज्या मुरमावरून सकाळपासून घसरत होतो, तोच मागं हौद भरून आमच्याबरोबर चालला होता.

टिपरनं गावात सोडलं तेव्हा घरी भावजयीनं भाकरी, पिठलं आणि ताक केलं होतं. त्या पोटभर जेवल्या, भावजयीशी गोड बोलल्या, मागून ताकही घेतलं. माझ्याशी मात्र लागेल तेवढंच. परभणीला परतताना गाडीत त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. फलाटावर त्या म्हणाल्या, "मी जरा जास्त बोलले." मी म्हटलं, "नाही, नाही." गाडी लागली आणि दोघींचंही बोलणं तिथंच राहिलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तुम्हा दोघींत काही झालं का, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं. मी सांगितलं, काही झालं नाही, वाट खराब होती. ती म्हणाली, त्यांनीही अगदी हेच सांगितलं.

मला वाटलं होतं विषय संपला. पण आठवड्यानं विहीणबाईंचाच फोन आला. त्यांनी तो फोटो त्यांच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींना दाखवला होता आणि दहाबारा जणांना इकडं यायचं होतं. चारठाण्याची जुनी देवळं बघायची आणि मग तो डोंगर. "वाटेचं तेवढं तुम्ही बघाल ना?" त्यांनी विचारलं. त्या मनापासून विचारत होत्या, त्यात टोमणा नव्हता. मी बघते म्हणाले.

भावाला सांगितलं तर तो हसला. त्यानं त्या शेळीवाल्या मावशीला जाऊन पुन्हा समजावलं होतं. तिचं म्हणणं एवढंच की फिरा, पण पट्टे मारू नका. आणि खदान आणखी वर सरकायला लागली होती. "सुरुंगाचा आवाज रोज येतोय आक्का," तो म्हणाला. "खिंड किती दिस ऱ्हाईल ते म्या सांगू शकत न्हाई."

मी त्याला म्हटलं, मग दुसरी कुठली खिंड असेल तर बघून ठेव, आणि या वेळी शेवटपर्यंत उतरून बघ. तो हो म्हणाला. ऊन वाढत चाललंय. तो गेलाय असं मला वाटत नाही.