आवाज बसलेले डॉक्टर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरात मंतरलेला दोरासुद्धा कधी आला नाही. म्हणूनच हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं...

साठ-एकसष्ट साल असेल. ह्यांची विम्याच्या ऑफिसातून जयपूरला बदली झाली होती, बापूनगरात राहायचो. आई गेल्यावर माझे वडील — अण्णा — वाईहून आमच्याकडे आले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला बोलका माणूस, पण कान गेले आणि अण्णांनी बोलणंच सोडलं. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही अण्णांकडे न बघता मलाच सांगितलं, "उम्र का तकाज़ा है, बहनजी." अण्णांना हिंदी फारशी येत नव्हती, पण चेहरे वाचता येत होते. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मग शेजारणीने चौडा रास्ता बाजारातल्या कानाच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. सकाळीच टांग्याने गेलो, तर कंपाउंडर म्हणाला, "साहब का गला बैठा है. तीन दिन से आवाज़ ही नहीं निकल रही. लिखकर बात करेंगे."

बहिरा पेशंट आणि मुका डॉक्टर! मी परत फिरणार, तोवर डॉक्टर स्वतः उठून आले आणि अण्णांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

ते अण्णांच्या मागे उभे राहून कानात बघत होते. खोली अगदी शांत. अण्णा एकदम म्हणाले, "हो, दुखतो. पण डावाच."

मला वाटलं, स्वतःशीच बोलताहेत. थोड्या वेळाने — "छे हो, मास्तर होतो मी. वाईला." आणि चक्क हसले! दोन वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कागद ओढून लिहिलं, "ये दोनों सवाल मैंने मन में पूछे थे."

अण्णांचं आपलं चालूच. "कुसुम, बघ किती हळू बोलतात हे. तुमच्यासारखं ओरडत नाहीत. आणि मराठी अगदी आपल्याकडची!"

डॉक्टर पिढीजात जयपूरचे. मराठीचा गंध नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांचा आवाज परत आला. "नमस्ते मास्टरजी!" ते खणखणीत म्हणाले. अण्णा माझ्याकडे वळले. "आज का पुटपुटतात हे?"

सगळ्यात जास्त हसले ते डॉक्टरच.

मग त्यांनी पाटीच आणून ठेवली. ठळक अक्षरात, अण्णांना कळेल अशा सोप्या हिंदीत लिहायचे, त्यांचं वाचून होईपर्यंत थांबायचे. डावा सुधारेल, उजव्याची आशा नको — हेही त्यांनी अण्णांनाच लिहून सांगितलं, मला नाही. दोन महिन्यांनी डावा कान बराच सुधारला, मग त्याच्यासाठी दिल्लीहून खिशात ठेवायचं ऐकण्याचं यंत्र आलं. ते लावून अण्णा गच्चीवर गेले आणि शेजारच्या कडुनिंबावर मोर ओरडला. अण्णा दचकलेच.

"हा मोर? अगं, गोड आवाज म्हणून शिकवत आलो मी पोरांना!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून घरात त्यांच्या गप्पांना खंड नव्हता.

बदली झाली तेव्हा निरोप घेताना डॉक्टरांना त्या पहिल्या दिवसाचं विचारलं. म्हणाले, "बहनजी, सारी किताबें देख लीं. कहीं नहीं मिला."

अण्णांना मात्र त्यात शेवटपर्यंत काही विशेष वाटलं नाही. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं," एवढंच म्हणायचे. मला... अजूनही कळलेलं नाही.