वाजवून पाहिले

गल्लीत त्यांना सगळे टकटककाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं असं विचारलं तर काकू मान ताठ करून सांगायच्या, "मीच! दुसरं कोण ठेवणार?" लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात नवरा कपाट, दार, बादली, जे हाताला लागेल ते बोटाने वाजवून बघत घरभर हिंडत होता. आपल्या वडिलांनी जावई ठरवताना त्याचं डोकंही एकदा वाजवून बघायला हवं होतं, असं तेव्हा काकूंच्या मनात येऊन गेलं. एकतीस वर्षांनंतर मात्र त्या माणसाबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. तो हक्क त्यांचा एकटीचा होता.

काकांचं काम फायबरच्या दुरुस्तीचं. घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये फुटक्या पाण्याच्या टाक्या, लहान होड्या आणि जास्त करून वॉटर स्कूटर. लोक त्या गाड्या पाण्यावर उडवतात, खडकावर आपटतात, धक्क्याला ठोकतात आणि बुडाला तडा गेला की काकांकडे येऊन म्हणतात, "जरा रंग मारून द्या." या चार शब्दांनी काकांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. "रंग तुमच्या भिंतीला मारा," ते म्हणत, "इथे दुरुस्ती होते."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर, रेझिनने एकमेकांना चिकटवलेले. मार एका जागी बसतो आणि थर भलतीकडेच सुटतात. वरून काही दिसत नाही. आत पाणी शिरत राहतं आणि एक दिवस ऐन लाटांत बूड उकलतं. म्हणून काका आधी सबंध बूड वाजवून घेत. त्यासाठी हत्यार एकच, अंगठ्याएवढा पितळेचा बोल्ट, त्यांच्या वस्तादांनी दिलेला. थर घट्ट असले की आवाज येई टण्ण. सुटलेले असले की ठप्प. ठप्प आला की थांबायचं, पेन्सिलने गोल काढायचा आणि पुढे जायचं. ते गोल खरवडून, नवे थर बसवून, घासून, रंगवून झालं की पुन्हा पहिल्यापासून सगळं वाजवायचं. कुठेही ठप्प उरला नाही, की सीट उचलून आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक जन्मात बघणार नाही, तिथे पेन्सिलने लिहायचं, 'वाजवून पाहिले', आणि खाली तारीख. वस्तादांची रीत होती ती. ही ओळ लिहिलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आलेली काकूंनी कधी पाहिली नव्हती.

आणि रंगाला आधी नावं ठेवणारा हा माणूस रंगावर आला की त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवा पिवळा डब्यात मिळतो. चार वर्षं उन्हात विटलेला पिवळा कुठेच मिळत नाही, तो करावा लागतो. काका थेंबभर तपकिरी घालत, सुईच्या टोकाने काळा घालत, उन्हात नेऊन बघत, पुन्हा घालत. दुरुस्ती कुठे केली ते गाडीच्या मालकाला दाखवून द्यावं लागे. मोठ्या दुकानांतून येणारं काम म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. काकांच्या कामाला आतबाहेर एकच तोंड होतं.

दुखरी गोष्ट एकच होती. तीस वर्षं कानाशी फायबर घासायचा ग्राइंडर. कानांत बोळे घाला म्हणून काकूंनी घसा कोरडा केला, पण "बोळे घातल्यावर ठप्प कसा ऐकू येणार?" हे उत्तर ठरलेलं. गेलं वर्षभर त्यांना दारावरची बेल ऐकू येत नव्हती. फोनवर मुलीचा आवाज कळत नव्हता. "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता," असं म्हणून ते दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकून मोकळे होत. काकूंनी ओळखलं होतं. पण हा माणूस जगतो तो कानावर, त्याला कसं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या बेल वाजली की आपणच उठत आणि फोन आला की आपणच घेत.

त्यात मुलीची गाडी आली. मुलगी किनाऱ्यावरच्या जीवरक्षक पथकात होती. कुणी बुडायला लागलं की पिवळ्या वॉटर स्कूटरवरून लाटांत शिरायचं, हे तिचं काम. ती स्कूटर पाण्याखालच्या खडकाला घासली आणि बुडाला वीतभर तडा गेला. सोमवारी पथकाचे साहेब स्वतः गाडी घेऊन आले. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नसणार होती, म्हणून शुक्रवारी सकाळी गाडी हवीच होती. काकांनी सगळी कामं बाजूला सारली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळत नाही. कडा उतरत्या घासल्या, थर बसवले आणि गुरुवारी दुपारपर्यंत बुडाच्या मागच्या टोकापर्यंत असा रंग जुळवला, की काकू चष्मा लावून शोधत बसल्या तरी सांधा सापडेना.

मग शेवटचं वाजवणं सुरू झालं. काकू भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. हा आवाज त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो चालू असताना त्यांना ऐकूही येत नसे. टण्ण, टण्ण, टण्ण. ठप्प. टण्ण, टण्ण.

काकूंची सुरी थांबली. ठप्प आला की पलीकडे शांतता व्हायला हवी, गोल काढण्याइतकी. ती झालीच नव्हती.

आपल्याला भास झाला, असं त्यांनी मनाला समजावलं. चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत त्यांनी तीन वेळा ठरवलं की बोलायचं नाही. मग त्यांच्या डोळ्यांसमोर त्या गाडीवर बसणारी मुलगी आली, आणि चहा तसाच ठेवून त्या शेडमध्ये गेल्या.

काका सीट खाली करत होते. आत ओळ लिहून झाली होती.

"अहो, मघाशी ठप्प वाजलं."

"काय?"

"ठप्प वाजलं म्हणते! तुम्ही थांबला नाहीत."

"स्वयंपाकघरात बसून तुला काय कळतंय? उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

काकूंनी त्यांच्या हातातला बोल्ट काढून घेतला. असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं. त्या बुडावर वाजवत निघाल्या, तड्यापासून दोन हात मागे आल्या आणि थांबल्या.

"हे काय वाजतंय?"

"टण्ण."

"आणि हे?"

"टण्ण."

"अहो, हे ठप्प आहे."

काकांनी बुडाला कान लावला. "पुन्हा मार," म्हणाले. काकूंनी मारला. "इकडे मार. आता तिकडे." दहा-बारा वेळा झाल्यावर त्यांनी कान काढला आणि गाडीकडे बघायचं सोडून बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

"तुला फरक कळतोय?"

"एकतीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. कळणार नाही?"

"मला दोन्ही सारखेच," काका म्हणाले.

काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं. वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि परवा पोरगी हिच्यावर बसली असती," काका म्हणाले.

ते रागावून बोलले असते तर काकूंना परवडलं असतं. काकांनी सीट पुन्हा उचलली, ओळ अंगठ्याने पुसून टाकली आणि ग्राइंडर हातात घेतला. गाडी तशीच दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चार दिवसांचा रंग चार मिनिटांत धूळ होऊन खाली पडला. खालचा थर उचलला तर आत तळहाताएवढी पोकळी, आणि तिच्यात काळपट, आंबूस वासाचं पाणी. काकांनी ते पाणी बोटावर घेऊन बघितलं आणि डोळे बाहीला पुसले. काकूंनाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडून काम कसं व्हायचं?

फोन काकूंनीच लावला आणि आत पोकळी निघाली, गाडी उद्या मिळणार नाही, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "काकू, दुपारी तर गाडी वरून चकाचक झाली म्हणत होतात. आत्ता देऊन टाका, पुढच्या आठवड्यात परत आणतो." काकूंनी ते मोठ्याने काकांना सांगितलं.

"न्यायची तर भोकासकट न्या म्हणावं," काका म्हणाले.

मग मुलगी फोनवर आली. "आई, शनिवारी आम्ही कुणाला कमरेपुढे पाण्यात सोडणार नाही. पोहायच्या हद्दीचे झेंडे किनाऱ्याजवळ घेतो, साहेबांचं मी बघते. रविवारी सकाळी मिळेल ना?" आणि थांबून म्हणाली, "बाबांच्या हातून सुटलं? कसं काय?"

काकूंनी फोन कानापासून दूर धरला. काकांनी त्यांच्या चेहऱ्यावरून प्रश्न ओळखला आणि फोन घेतला. "मला ऐकू येत नाही गं आता. तुझ्या आईने ऐकलं." पलीकडून मुलगी काय म्हणाली ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

दोन दिवस काकूंनी घरात पाऊल टाकलं ते फक्त डबे भरायला. पोकळीवर दिवे लावून ती शुक्रवार दुपारपर्यंत सुकवली. ओल राहिली तर रेझिन धरत नाही. मग काका थर बसवत आणि काकू वरून रोलर फिरवत. "दाबून! बुडबुडा राहिला की पुन्हा ठप्प." "ओरडू नका, मला ऐकू येतं." शनिवारी वरून जेलकोटचा जाड लेप मारला, म्हणजे पाणी शिरायची सोय नाही. तो पांढरा. पिवळा जुळवायला आता वेळ नव्हता. मग काकूंनी सबंध बूड वाजवलं. काका पेन्सिल घेऊन मागे, नजर बायकोच्या चेहऱ्यावर. मध्येच काकू शिंक येणार म्हणून थांबल्या, तर काकांनी तिथे गोल काढायला घेतला. "अहो, ती शिंक आहे!" दोन दिवसांत ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

रविवारी सकाळी साहेब आणि मुलगी आले. पिवळ्या बुडावर तो पांढरा चट्टा बघून साहेबांनी भुवया उडवल्या. "काका, तुमच्या हातचं ठिगळ?"

"ठिगळच आहे," काका म्हणाले. "रंग नंतर मारू. तोवर दिसू दे लोकांना."

मुलगी लहानपणापासून ती रीत ओळखून होती. तिने सीट उचलली, आत वाकून बघितलं आणि "आई, इकडे ये," एवढंच म्हणाली. आत लिहिलं होतं, 'वाजवून पाहिले'. खाली तारीख. आणि तारखेखाली, त्याच पेन्सिलने, 'बायकोने'.

"रेझिन डोळ्यांत जातंय," काकू म्हणाल्या. रेझिन कालच वाळलं होतं.

गाडी गेली. काकू शेड झाडायला घेणार, तेवढ्यात त्यांना भिंत दिसली. पेन्सिलने तिथे नावं लिहिली होती, एकाखाली एक, अकरा. गेल्या वर्षभरातल्या गाड्यांची.

"या सगळ्यांवर मी ओळ लिहिली आहे," काका म्हणाले. "सगळ्यांकडे जाऊन पुन्हा वाजवायचं."

"आधी कानाच्या डॉक्टरकडे चला."

"आधी गाड्या. कान कुठे जातोय? घरातच आहे."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"ऐकू येत नव्हतं, तरी लिहिलं, असं सांगणार."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," काका म्हणाले. "मला कुठे ऐकू येणार आहे?"

काकूंनी झाडू भिंतीला टेकवला, बोल्ट पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.