पालखीच्या क्रमाने रेंज

आमची वाडी पावस गावाच्या अलीकडे, सड्याखालच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाखालच्या दरीत. मोबाईलची रेंज सड्यावरूनच पुढे निघून जाते, खाली वळून बघत नाही. मी रत्नागिरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि माझं संशोधन याच दुखण्यावर: वरचा सिग्नल पकडून खाली पोचवणारं, पुष्कळ अँटेनांचं रिले. अशा यंत्रात प्रत्येक अँटेनामागे स्वतंत्र सर्किट लागतं आणि त्याचं लग्नघर होतं, सामान फार, जागा थोडी. मी सगळ्या अँटेना एकाच सर्किटवर आणल्या. कपाटाएवढं यंत्र पिठाच्या डब्याएवढं झालं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

प्रयोगापुरती परवानगी काढून डबा सड्यावरच्या पाण्याच्या टाकीवर बसवला. खोट एकच होती: सर्किट एक, म्हणून सिग्नलचा झोत एका वेळी एकाच घराकडे वळणार. प्रबंधात ती मी अगदी शेवटी लिहिली होती. वाडीने पहिल्याच दिवशी शोधून काढली आणि भांडणं जुंपली.

मग देवळात बैठक झाली. शिमग्यात पालखी ज्या क्रमाने घरोघर जाते, त्याच क्रमाने रेंज फिरेल असं ठरलं. सकाळचा पहिला मान मानकऱ्यांचा, शेवटचा आमचा, संध्याकाळी.

नेमकं मुंबईला भावाच्या मुलीचं बारसं आलं, तेही सकाळी. आईचा गुडघा धरलेला. वर्षभर ती अंगणाबाहेर पडली नव्हती. नात तिने अजून पाहिली नव्हती. तिला सोडून मी जाणार नव्हते, म्हणजे आत्याने कानात सांगायचं नाव फोनवरूनच सांगायचं. झोत आमच्याकडे वळवणं माझ्या लॅपटॉपवर एका बटणाचं काम, पण आईने माझा हात धरला.

"पालखी कोन मधनंच पळवतं काय? आपन जाव मानकऱ्यांच्या दारात."

शेजारच्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधले आणि तिला उचललं. ते शिमग्यातले पालखी नाचवणारे. सवयीने खुर्चीही नाचवू लागले. आईने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. वाटेत प्रत्येक घराने तिला थांबवलं, चहा पाजला, आणि एकीने तर पालखीच्या भोयांना घालतात तसं त्या चौघांच्या पायांवर पाणीसुद्धा घातलं.

मानकऱ्यांच्या ओटीवरून व्हिडिओ कॉल लागला. तिकडे वहिनीने तिचा फोन बाळाच्या कानाशी धरला. मी 'कुर्र' म्हणून नाव घ्यायला लागले, तर इकडच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे पाठीत असे धपाटे घातले की फोन हातातून उडाला. नाव अर्धंच गेलं. फोन आईच्या मांडीवर पडला, तिनेच तो उचलून उरलेलं नाव सांगितलं. वहिनीने फोन बाळासमोर धरला, तर पडद्यावर बाळाने भलीमोठी जांभई दिली. आई त्या जांभईकडे बघून रडली आणि लगेच हसली.

परतताना मी तिला सांगितलं की आता दुसरं सर्किट जोडते, म्हणजे दोन घरांना एकदम रेंज मिळेल आणि तुला असं यावं लागणार नाही.

खुर्चीतून तिने एका दारातल्या बाईला हात हलवला. मग म्हणाली, "इतक्यात नको जोडू गो. आज वर्साने सगल्यांची दारं बघितली मी."

दुसरं सर्किट अजून कॉलेजातच पडून आहे. खुर्ची मात्र दर रविवारी निघते.