दळणाच्या डब्यातली करडी भरड

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. मी तेव्हा दिंडोशी भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि आमचा बीट हवालदार धापा टाकत समोर येऊन उभा राहिला.

पीठगिरणीवाल्याने त्याला खबर दिली होती. वसाहतीतली एक बाई दळणाचा डबा घेऊन आली होती, पण डब्यात धान्य नव्हतं, करड्या रंगाची भरड होती. "शिकेकाईसारखी बारीक करून दे," म्हणाली. पुढचा नंबर गव्हाचा होता. पिठाला वास लागला की गिऱ्हाईक भांडतं, म्हणून त्याने नकार दिला आणि बाई तणतणत निघून गेली. मग ओट्यावर सांडलेली चिमूट त्याने नाकाशी नेली, तर फटाक्याचा वास आला. दगडांच्या गिरणीत तो डबा ओतला असता तर काय झालं असतं, हे मला ऐकता ऐकताच कळलं. मी उठलो आणि जीप काढायला सांगितली.

बाईचं घर गिरणीवाल्याला माहीत होतं. दार उघडंच होतं. चार-पाच बायका वर्तमानपत्रावर बसून गप्पा मारत वाटाण्याएवढे करडे मणी वळत होत्या आणि हाताच्या अंतरावर गॅसवर कुकर चढवलेला होता. शिट्टी झाली तेव्हा मी अक्षरशः दचकलो. हवालदार माझ्यापेक्षा शहाणा. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, गॅस बंद करा. आणि सगळ्याजणी सावकाश बाहेर या, काही आपटू नका." पाळण्यात त्या बाईचा नातू झोपला होता, त्याला मी उचललं. सगळा मजला रिकामा केला, बॉम्बशोधक पथक बोलावलं, मग पंचनामा केला.

डबा नेणारी बाई कोकणातली, नवरा पूर्वी कापडगिरणीत कामाला. तिला काहीच कळेना.

"मखराचे मणी आहेत साहेब. शेठ भुकटी देतो, आम्ही वळून देतो."

"मग दळायला का नेलंत, मावशी?"

"भुकटीतला तो डिंक मेला पाण्यात विरघळतच नाही. गुठळ्या होतात, वाळल्या की चाळणीतून खाली पडत नाहीत. शेठ जाड माल परत करतो. म्हटलं, गिरणीत टाकू."

"आणि वास?"

"रंगाचा असेल, म्हटलं."

प्रयोगशाळेतून कळलं, की ती फटाक्यांची दारू होती आणि तिच्यातला डिंक पाण्यात विरघळणाराच नव्हता, त्याला स्पिरिट लागतं. बायकांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पूर्वी शेठ स्पिरिटचा कॅन द्यायचा, नंतर घेऊन गेला.

तो शेठ म्हणजे एक ठेकेदार, त्याला बोरिवलीतून ताब्यात घेतलं. चांगला इस्त्रीच्या शर्टातला माणूस. "मी मधला माणूस, साहेब. मखराचे मणी म्हणूनच माझ्याकडे माल आला." एवढं एकच तो घोळवत राहिला. अशा माणसावर ओरडण्यात अर्थ नसतो, ओरडा खायची त्याची तयारी झालेली असते. मी चहा मागवला आणि फक्त कॅनबद्दल विचारलं.

"परत का नेलास?"

"वास येतो ना साहेब. शेजारचे विचारायला लागले असते."

"मखराच्या मण्यांबद्दल विचारलं असतं, तर सांगायचं होतं."

त्याने उचललेला कप तसाच खाली ठेवला. चहा निवला. मग विनापरवाना माल, गोदाम, घेणारे, सगळं बाहेर आलं. गिरणीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी गिरणीत न्यायला नव्हतं सांगितलं," एवढंच तो पुटपुटला.

बायकांना आम्ही आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. ठेकेदाराचा जबाब संपत आला तेव्हा मी त्याला सहज विचारलं, "तुझी बायको घरीच असते ना? तिला का नाही दिलंस हे काम?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोललो होतो. "नाय ओ साहेब. आमच्याकडे लहान बाळ आहे."

जबाब लिहिणारा शिपाई थांबला. मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, त्यांच्यात कुठेतरी क्रूरपणा सापडायचा आणि मन निर्धास्त व्हायचं. हा माणूस क्रूर नव्हता. बायकोमुलाला जिवापाड जपणारा, सरळ संसारी माणूस होता तो, आणि अशा माणसांची मला तेव्हापासून जास्त भीती वाटते.