फाटकावरची काकी

बोलता बोलता काकी हाताचा तळवा वर करायची आणि म्हणायची, "थांबा, गाडी जाऊ दे." गाडी कुठलीच येत नसायची. बारामती-दौंडची अरुंद रुळांवरची छोटी गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तिच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की आता थोडं गप्प बसू. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचं काम सुटतं पण कामातलं बोलणं सुटत नाही.

तिचे यजमान, म्हणजे तात्या, बारामतीच्या अलीकडच्या फाटकावर गेटमन होते. फाटकाला लागून एक खोली होती, तिथंच तिचा संसार झाला. तात्या तापानं पडले की निशाण घेऊन हीच उभी राहायची. एकदा तिनं नवरदेवाची गाडी अडवून धरली. वऱ्हाड तापलं. ही शांतपणे म्हणाली, "नवरी काय पळून जात न्हाय. गाडी जाऊ दे."

पुढं रुंद रुळांची मोठी लाइन आली, खोली पाडली गेली आणि दोघं आमच्या शेजारी राहायला आली.

आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी फाटकावरच्या त्या खोलीच्या जागी छोट्या गाडीच्या आठवणीची पाटी बसवायचं ठरवलं. काळा ग्रॅनाइट, खाली सिमेंटचा चौथरा. पडदा तात्यांनी सरकवायचा होता. कार्यक्रमाला महिना असताना तात्या झोपेतच गेले.

कार्यक्रम पुढं ढकलू, असं सांगायला मी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? ठरलंय तसं करा, गुरुजी. मी येती."

ती आली. पडदा सरकवला. फोटो झाला. गाडी कुठून कुठं धावायची, कधी थांबली, सगळं मी वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं, मग चौथऱ्याकडं बघून म्हणाली, "हितं माझी चूल व्हती."

"तेही लिहायला हवं होतं का, काकी?"

"न्हाय. चुलीचं कोण वाचतंय."

आठवड्याभरानं आमच्यातले एक साहेब तणतणत घरी आले. चौथऱ्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. मी जाऊन पाहिलं, तर शेजारी काकी बसलेली.

"काकी, लोक पाटी बघायला येतात."

"बघू द्या की. पाटी कुठं झाकली मी? हितं पयल्यापास्नं ऊन चांगलं पडतंय."

मी गोधडीला हात लावला. ती ओली नव्हतीच.

"त्यांची हाय," ती म्हणाली. "धुवायची न्हाय. नुसती उन्हात घालायची."

तिचा आवाज तांदूळ निवडताना होता तसाच होता. मी गोधडीवरचा हात काढला. साहेबांना एवढंच सांगितलं, राहू द्या. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

दिवाळीनंतर लेक तिला वालचंदनगरला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेली. शेजारचं दार आता बंद असतं. चौथऱ्यावर धूळ बसते.

परवा मी लेकीला फोन केला. आई कशी आहे, विचारलं.

"बरी हाय, गुरुजी. जेवती, झोपती. रडली मातुर न्हाय अजून." मग म्हणाली, "दुपारी एक ताट वाढून झाकून ठेवती. तात्यांना ड्युटीमुळं जेवाय उशीर व्हायचा न्हवं? आमी काय बोलत न्हाय. दिवेलागणीला ती आपणच ते ताट पुढं वढती, आन् गार भात खाती."